एकोणिसावी दाढ

१

कंपनीचं पत्र बुधवारी सकाळी आलं. धुलाईच्या कारखान्यात चादरींचा पहिला घाणा तेव्हा नुकता मशीनमधून बाहेर पडत होता. पत्राचा कागद जाड आणि गुळगुळीत. माणसाला नाही म्हणायचं असलं की कंपन्या कागदात कंजूषपणा करत नाहीत.

रफूवालीनं ते तीनदा वाचलं. एका हातात पत्र, दुसरा हात सुजलेल्या डाव्या गालावर. मग फाटक्या टॉवेलांचा ढीग तसाच टाकून ती इस्त्रीच्या टेबलाशी गेली. तिथे तिची सासू उभी होती. अख्खा कारखाना तिला कडक मावशी म्हणायचा. कपड्यांना ती खळ लावायची म्हणून आणि माणसांना लोणी लावायची नाही म्हणून.

"आई, दातांच्या विम्यानं नाही म्हटलंय."

"का? पोट दुखलं त्यांचं?"

"म्हणतात दाढ आधीपासून किडकी होती. जुन्या त्रासाला विमा नाही. आणि मी 'नवीन त्रास' असं लिहिलं, म्हणजे खोटी माहिती दिली."

मावशीनं इस्त्री उभी ठेवली. "खोटी? माझ्या सुनेला खोटारडी म्हणायचा हक्क फक्त माझा आहे. या टिनपाटांना कुणी दिला?"

आठ महिन्यांपूर्वी कारखान्यातल्या चाळीस बायांनी मिळून हा विमा घेतला होता. फार मोठं काही नव्हतं त्यात. वर्षातून दोनदा तपासणी आणि सफाई, फोटो, भरणी, आणि दाढेच्या मुळापर्यंत काम करायची वेळ आली तर मोठा वाटा कंपनीचा. पहिल्या दिवशी कॅन्टीनमध्ये डॉक्टर आला, एकेकीचं तोंड उघडून बघितलं, फॉर्म भरले. रफूवालीच्या वेळी मावशी शेजारीच होती. डॉक्टर म्हणाला होता, "बत्तीसच्या बत्तीस ठणठणीत." मावशीला ते चांगलं आठवत होतं, कारण त्यानंतर सून दोन दिवस आरशासमोरून हलत नव्हती.

पत्रासोबत त्या फॉर्मची नक्कल जोडली होती. खाली सुनेची सही, डॉक्टरची सही. आणि मध्ये 'जुना त्रास' अशी जी चौकट होती तिच्यात बॉलपेननं लिहिलेलं: खालची डावी दाढ, नं. 19, किडलेली.

"सही केलीस तेव्हा हे होतं?"

"चौकट कोरी होती. देवाशप्पथ."

"डॉक्टर काय म्हणतो दाढेचं?"

"शनिवारी दुपारपर्यंत काम सुरू केलं तर वाचेल. सोमवारपासून दवाखाना पंधरा दिवस बंद. तेवढे दिवस दाढ दम धरणार नाही, काढावीच लागेल. आणि विम्याशिवाय आपल्याला..." काढणं स्वस्त असतं. गरिबाच्या तोंडात खिंडारं पडतात ती त्यामुळेच.

मावशीनं नक्कल खिडकीशी धरली. डाग ओळखण्यात तिची हयात गेली होती. चहाचा, रक्ताचा, गंजाचा, लबाडीचा.

"हे मागाहून लिहिलंय," ती म्हणाली. "चौघांपैकीच कुणीतरी."

"चौघं कोण?"

"ज्यांचा हात या कागदाला लागला ते."

२

पहिला मुकादम. सगळे फॉर्म त्याच्या केबिनमधल्या कपाटात असायचे आणि किल्ली त्याच्या कमरेला. हा माणूस बोलायला लागला की जिभेला साय धरायची. केबिनच्या दाराशी नवी बाई गठ्ठ्यांना पितळी बिल्ले बांधत बसली होती. मावशीनं जाता जाता तिच्या हातातला बिल्ला सुलटा केला.

"रेघ खाली, बाई. इंग्रजी 68 आहे हे. उलटं वाचलंस तर 89 होतं. मागे असंच झालं आणि हॉटेलचे टेबलक्लॉथ बाळंतिणींच्या वॉर्डात गेले."

"आणि हॉटेलात काय गेलं?"

"ते तू जेवायला बसल्यावर विचार."

मुकादमानं खुर्ची पुढे केली. "या मावशी! कळलं मला. फार वाईट वाटलं. मला तर ती पोरीसारखी. खालचीच ना दाढ? डावी?"

"डावीच. फॉर्म तुमच्याकडे होता."

"कपाटात! हात लावला नाही कुणी. मागच्या सोमवारी कंपनीनं मागवला, मी पाकिटात घातला, एजंटाच्या, त्या गोडबोल्याच्या हातात दिला. आता मधे त्यानं काय केलं..." मुकादमानं खांदे उडवले. "मी नाव घेणार नाही कुणाचं."

"घेतलंत की आत्ता."

तो कसनुसं हसला. "मी काय म्हणतो, असला विमा हवाय कशाला? शनिवारी नाहीतरी पुढच्या वर्षाचं ठरवायचंय. एक सज्जन येतायत, 'हसरं कार्ड' म्हणून दातांचं सवलतीचं कार्ड घेऊन. निम्म्या किमतीत! बाया तर आत्तापासून विचारतायत."

हे खरं होतं. पत्राची बातमी मशीनच्या आवाजावरून पार वाळवणापर्यंत पोचली होती, आणि आठ महिने हप्ता भरलेल्या चाळीस बायांची तोंडं कडू झाली होती.

"सज्जन तुमच्या ओळखीचे?"

"छे! येऊन भेटले एवढंच."

मावशी निघाली. मुकादमाचा तिला राग नव्हता. माणसानं झुरळावर रागवायचं नसतं, चप्पल कुठे आहे ते बघायचं असतं. पण हा झुरळ आहे की नुसताच ओलावा, ते अजून ठरायचं होतं.

३

दुसरा गोडबोल्या, म्हणजे विम्याचा एजंट. गुरुवारी दुपारी तो कारखान्याच्या फाटकापाशी स्कूटरवर टेकून केस विंचरत होता.

"मावशी! काय तब्येत!"

"तब्येतीचा विमा नाही काढलेला, तेव्हा ती सोड. माझ्या सुनेचा फॉर्म तू उघडलास?"

"शप्पथ नाही. बंद पाकीट मिळालं, बंद पाकीट दिलं."

"ज्या कारखान्यातून वर्षभर एकही दावा येत नाही, तिथल्या एजंटाला कंपनी काय देते?"

गोडबोल्याचा कंगवा थांबला. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तूच. पहिल्या दिवशी. समुद्रावर चार दिवस फिरायला नेतात म्हणून बायांसमोर दात काढत होतास."

"म्हणून मी कागद खोटा करीन? मावशी, दोन बायांनी मार्चमध्येच भरणी केली! समुद्र कधीच गेला माझा!" त्याचा आवाज रडकुंडीला आला. "उलट तुम्ही चाळीसजणी सोडून गेलात तर नोकरीच जाते. मला काय मिळणार यातून?"

मावशीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. हलका माणूस. पहिल्याच धुण्यात रंग जाणाऱ्या कापडासारखा. पण हलका माणूस खोटं बोलतो तेव्हा गोड बोलतो, आणि हा तर चक्क ओरडत होता.

"मग दाढ किडकी होती हे लिहिलं कुणी?"

"डॉक्टरला विचारा ना! आमची कंपनी त्याला रोख पेशंटापेक्षा कमी देते. दावा फेटाळला की पेशंट रोखीत येतो. माझं नाव सांगू नका."

इथे कुणालाच कुणाचं नाव घ्यायचं नव्हतं, आणि घ्यायचं तेवढं प्रत्येकजण घेत होता.

४

डॉक्टरच्या दवाखान्यात भिंतीवर एक भलामोठा जबडा हसत होता. काउंटरवरची बाई नखं बघत होती. शिबिराच्या दिवशी फॉर्म लिहिले होते तिनं, डॉक्टर बोलत होता तसे. म्हणजे तिसरा आणि चौथी एका छपराखाली.

डॉक्टरनं नक्कल हातात घेतली, चष्मा वर केला, खाली केला आणि नाक मुरडलं.

"हे आमचं नाही."

"सगळेच तसं म्हणतात."

"अहो, आम्ही असं लिहूच शकत नाही. हा नंबर बघा. एकोणीस!"

"मग?"

"एकोणीस नंबरचा दातच नसतो."

मावशी नुसतं ऐकायला पुढे सरकली. हे ती वर्षातून एखाद्याच वेळी करायची.

"हे बघा," डॉक्टर जबड्यापाशी गेला. "तोंडाचे चार भाग. वरचे दोन, खालचे दोन. प्रत्येक भागात आठ दात. पहिला आकडा भागाचा, दुसरा दाताचा. तुमच्या सुनेची दाढ तिसऱ्या भागातली सहावी, म्हणून छत्तीस. बिलावरही तेच आहे. आता मला सांगा, एका भागात आठच दात, तर शेवटी नऊ येईल कुठून?"

"छत्तीस?" काउंटरवरची बाई मध्येच म्हणाली. "परवा कंपनीतून कुणाचा तरी फोन होता, माणसाला दात बत्तीस, मग हा छत्तिसावा कुठला. मी म्हटलं, साहेबांच्या सासूबाईंचा."

"म्हणजे कंपनीत दात मोजता येणारं कुणी नाही," मावशी म्हणाली.

"कंपनीत वाचता येणारं कुणी असेल तरी पुष्कळ," डॉक्टर म्हणाला.

मावशीनं तोंड मिटलं आणि जीभ आत फिरवायला सुरुवात केली. वर उजवीकडून सुरुवात, शेवटच्या दाढेपासून. एक, दोन, तीन. स्वतःचे पडलेले होते, तिथे तिनं खिंडारही मोजलं. समोरून वळून वर डावीकडे सोळा. तिथून खाली उतरून सतरा, अठरा... आणि जीभ बरोबर त्या जागी येऊन थांबली, जिथे सुनेचा गाल सुजला होता.

"एकोणीस," ती पुटपुटली. "कुणीतरी नुसतं ओळीनं मोजलंय. भिंतीवरच्या खुंट्या मोजाव्यात तसं."

"मग तो दातातला माणूस नाही," डॉक्टर म्हणाला.

चौघांतले दोघं गळाले. उरले मुकादम आणि गोडबोल्या. दोघांनाही दातांतलं ओ की ठो कळत नव्हतं. दोघांपैकी कुणीही जीभ फिरवून एकोणीस मोजू शकत होता. आणि उद्या शुक्रवार होता.

५

शुक्रवारी सकाळी गठ्ठे निघायची घाई होती. मावशीनं एक गठ्ठा उचलला, बिल्ला सुलटा केला, पुढचा उचलला. तिसऱ्या बिल्ल्यापाशी तिचा हात थांबला.

सून घाबरली. "काय झालं आई? चटका बसला?"

"ती नक्कल काढ."

सुनेनं पदरातून कागद काढला. मावशीनं तो बिल्ल्याशेजारी ठेवला. दोन दिवस हा कागद तिनं उन्हात धरला होता, दिव्यात धरला होता, त्याचा वाससुद्धा घेतला होता. आणि एक गोष्ट तिला दिसली नव्हती, कारण ती गोष्ट ती दिवसातून पाचशे वेळा बघायची.

एकोणीसच्या पायाखाली एक छोटी रेघ होती.

"उलटं वाच," ती सुनेला म्हणाली.

सुनेनं कागद फिरवला. "एकसष्ट."

"जगात कुठला माणूस कागदावर एकोणीसच्या खाली रेघ मारतो? कागद काय उलटा होतोय? बिल्ला होतो."

सून बघतच राहिली. "म्हणजे इथलंच कुणीतरी."

"आणि कपाटाची किल्ली इथल्या एकाच्याच कमरेला आहे."

"जाऊन धरूया त्याला!"

"धरून काय? म्हणेल ही रेघ नाही, पेन घसरलं. त्याची जीभ कशावरूनही घसरते." मावशीनं बिल्ला बांधला. "त्याच्या जिभेला नाही विचारायचं. हाताला विचारायचं."

"पण का केलं त्यानं? माझी दाढ त्याच्या कुठे आड आली?"

हे मात्र मावशीलाही माहीत नव्हतं.

६

शनिवारी दहा वाजता कॅन्टीनमध्ये चाळीस बाया बसल्या. एका बाजूला गोडबोल्या, दुसऱ्या बाजूला हसऱ्या कार्डाचे सज्जन. हे गृहस्थ तरुण होते, कोट भाड्याचा असावा, कारण हात बाहीतून बाहेर यायला तयार नव्हते. मुकादमाला ते दर वाक्याला साहेब म्हणत होते.

"निम्मी किंमत! तपासणी फुकट! दात भरण्यावर घसघशीत सूट!"

"आणि दाढ?" मावशीनं विचारलं.

"अं?"

"दात म्हणालास. दाढ भरायची झाली तर?"

सज्जनांनी कार्ड उलटं केलं. "दाढ... दाढ वेगळी धरतात."

"कशात धरतात?"

"म्हणजे, ती एक वर्षानंतर. म्हणजे सूट नाही, पण सल्ला मिळतो."

"सल्ला मीही देते, फुकट. सफाई?"

"सफाईचा सल्ला—"

बायांत खसखस पिकली, पण सगळ्या हसल्या नाहीत. मागून एक म्हणाली, "हसू नका गं. निदान हे पैसे तरी थोडेच घेतायत. त्या विम्यानं जास्त घेऊन रफूवालीला काय दिलं?" रफूवाली दाराशी उभी होती, गालाला ओला फडका लावून. दवाखाना एक वाजता बंद होणार होता.

"बरं, हात वर करा," मावशी म्हणाली. "हसऱ्या कार्डाला किती?"

हात वर झाले. पंचवीस तरी असतील. मावशीनं ते सावकाश मोजले आणि मोठ्यानं सांगितलं, "एकोणीस."

कुणी हरकत घेतली नाही. कडक मावशीनं मोजलं की तेवढंच असतं, असा कारखान्याचा समज होता.

"गोडबोल्या, फळ्यावर लिही. इंग्रजी आकड्यात, मोठं."

गोडबोल्यानं मेल्या हातानं लिहिलं: 19. मावशीनं डस्टर घेऊन ते पुसलं.

"कोंबडीचे पाय आहेत. मुकादम, तुमचं अक्षर चांगलं. तुम्ही लिहा."

मुकादम खुशीत उठला. मोजणी काही असो, कार्डाचं पारडं जड दिसत होतं, हात हलका होता. त्यानं खडू घेतला, एक काढला, नऊ काढला आणि तीस वर्षांच्या सवयीनं खाली झटकन एक रेघ ओढली.

"थांबा," मावशी म्हणाली. "ती रेघ कशाला?"

"कसली रेघ?" मुकादमानं फळ्याकडे पाहिलं. स्वतःच्याच हाताकडे त्यानं असं पाहिलं की जणू तो दुसऱ्याचा आहे.

मावशीनं कंपनीची नक्कल फळ्याला चिकटवली. मग बायांना सगळं सांगितलं, फार लांबण न लावता. दातांच्या माणसाला एकोणीस लिहिता येत नाही. एजंटाला रेघ मारायची सवय नाही. एकोणीस मोजणारा, रेघ मारणारा आणि किल्ली बाळगणारा एकच.

बायांनी माना उंचावून आधी फळा पाहिला, मग नक्कल.

"पेन घसरलं असेल," मुकादम म्हणाला.

"आत्ता खडूही घसरला?"

मुकादमाचा हात डस्टरकडे गेला. बोलले ते कोटातले सज्जन. त्यांची पाचावर धारण बसली होती. "दाजी, तुम्ही तर म्हणाला होता कुणाला कळणार नाही!"

चाळीस डोकी वळली.

"दाजी?" मावशी म्हणाली. "हा तुमचा मेहुणा होय! आणि येऊन भेटले एवढंच!"

मुकादम बाकावर बसला. जिभेवरची साय उतरली होती, खाली नुसतं पाणी होतं. "बायकोनं जीव खाल्ला, मावशी. भावाचं टार्गेट भरत नाही, नोकरी जाईल त्याची. तुम्ही बाया विमा सोडायला तयार नव्हता. एक दावा फेटाळला गेला तर सोडाल, असं वाटलं. तिचाच दावा आला, म्हणून तिची दाढ. माझं तिच्याशी वाकडं काहीच नाही."

"हेच तर," मावशी म्हणाली. "वाकडं असतं तर समजलं असतं. छत्तीसचा आकडा असतो माणसांचा, भांडतात, दात पाडतात. तुम्ही साधं वैरही नीट केलं नाहीत. दुसऱ्याच्या पोरीची दाढ काढून मेहुण्याच्या कोटाला बटण लावायला निघालात. आणि तेसुद्धा मोजून चुकलात." तिनं हात पुढे केला. "किल्ली."

त्यानं दिली.

"आता कागद घ्या. चौकटीतलं तुम्ही लिहिलं, कधी लिहिलं, सगळं. खाली सही. मालकांना सोमवारी कळेल. आज सांगून ठेवते, म्हणजे मधले दोन दिवस तुम्हाला झोप लागायला नको."

रफूवाली पहिल्यांदाच बोलली. गालामुळे शब्द जाड येत होते. "मुकादम, मला पोरीसारखी म्हणायचात. परत म्हणू नका."

मुकादमानं कागद पुढे ओढला आणि लिहायला घेतलं.

गोडबोल्या तो कागद घेऊन फोनला चिकटला. एरवी कंपनीला पंधरा दिवस लागायचे, पण चाळीस हप्ते जातायत म्हटल्यावर तिला धावता येतं, हे त्या दिवशी कळलं. साडेबाराला निरोप आला: विशेष बाब म्हणून मंजूर.

"विशेष बाब!" मावशी म्हणाली. "यांच्या डोळ्यांवरची पट्टी आपण काढली, ती यांची विशेष बाब. गोडबोल्या, तुझ्या विम्याचा कागद वाच आता. बारीक अक्षरातलं आधी. बायांनो, अडेल तिथे विचारा. कुणी सज्जन आहे म्हणून काही घ्यायचं नाही."

तो वाचायला लागला. तिसऱ्याच ओळीला त्याला घाम फुटला. मावशी ऐकायला थांबली नाही. सुनेचा दंड धरून ती निघाली.

एकला दहा कमी असताना डॉक्टरनं सुनेला खुर्चीत घेतलं. दोन वाजता ती बाहेर आली. अर्धा चेहरा बधिर, ओठ एकीकडे ओघळलेला, पण दाढ जागेवर. आणखी दोनदा यायचं होतं, दवाखाना उघडल्यावर, तेही विम्यात. डॉक्टर हात पुसत म्हणाला, "वेळेत आलात. तपासणीला सहा महिन्यांनी आला असतात तर साध्या भरणीवर भागलं असतं. फुकट असूनही कुणी येत नाही, त्याला मी काय करू?" मग त्याची नजर मावशीवर गेली. "तुम्हीही आठ महिने हप्ता भरताय. एकदा तरी दाखवलंत?"

"मला काही झालेलं नाही."

"म्हणूनच दाखवायचं असतं."

"उशीर झालाय. तुम्हाला बंद करायचंय."

"दहा मिनिटं. बसा."

मावशी दाराकडे सरकली. मुकादमाला फळ्यासमोर उभं करणारी ती बाई त्या खुर्चीकडे अशी बघत होती की जणू खुर्चीला नांगी आहे. सून आडवी आली. तिनं सासूचे खांदे धरले, तिला खुर्चीत बसवलं, आणि तिचा हात स्वतःच्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला. मग बधिर ओठांतून, लाळ पुसत, तिनं एक वाक्य उच्चारलं. आठ वर्षांच्या संसारात तिनं हजारदा मनातल्या मनात याच्या बरोबर उलटं म्हटलं होतं.

"आई," ती म्हणाली, "तोंड उघडा."